जाहिरातीतले 100 एमबीपीएस आणि घरात येणारे: डब्ल्यूएफएचसाठी कुठलं कनेक्शन घ्यावं

घरून काम करणाऱ्यांनी ब्रॉडबँड निवडताना सगळ्यात मोठा आकडा बघून पैसे भरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जाहिरातीत असतो डाऊनलोडचा स्पीड आणि तोही जास्तीत जास्त किती जाऊ शकतो तेवढा, आणि मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो तो बहुतेक वेळा अपलोड (आपल्याकडून बाहेर जाणारा डेटा) किंवा पिंगमुळे (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ).

आधी गरज किती ते बघा. झूमवर ग्रुप कॉल 720पी मध्ये करायचा तर अपलोडला 2.6 एमबीपीएस पुरतात, 1080पी ला 3.8. म्हणजे एक माणूस कॉलवर, दुसरा ऑनलाइन क्लासला आणि हॉलमधे टीव्ही चालू असं घर 40 एमबीपीएसवर आरामात चालतं, फक्त ते 40 खरे हवेत आणि संध्याकाळी पण यायला हवेत. त्यामुळे एकीकडे 40 दोन्ही बाजूंनी आणि दुसरीकडे 100 डाऊनलोड पण अपलोड फक्त 10, असे दोन प्लॅन समोर असतील तर मी डोळे झाकून 40 वाला घेईन. सेल्सवाल्याला अपलोड किती ते विचाराच, तो स्वतःहून सांगत नाही.

आता मोठ्या कंपनीचं फायबर की गल्लीतल्या केबलवाल्याचं? मोठ्या कंपनीचं फायबर सहसा थेट घरातल्या बॉक्सपर्यंत येतं, जीपीऑन म्हणतात त्याला. यात एका लाइनवर साधारण 2.5 गिगाबिट डाऊनलोड आणि 1.25 गिगाबिट अपलोड असतं आणि ते स्प्लिटर लावून 32 किंवा 64 घरांत वाटलं जातं, म्हणून दुपारी टेस्टला पूर्ण स्पीड आणि रात्री 9 ला कमी असं होऊ शकतं. पण रस्त्यातल्या स्प्लिटरला वीज लागत नाही हा याचा फार मोठा फायदा आहे. केबलवाल्याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी फायबर फक्त बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा डक्टमधल्या स्विचपर्यंत येतं आणि तिथून लॅनची वायर घरात, आणि मग लाइट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद, कारण तो स्विच बंद पडलेला असतो. म्हणून कनेक्शन घ्यायच्या आधी एकच प्रश्न, फायबर घरात येणार का बिल्डिंगपर्यंतच? घरात येणार असेल तर राऊटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावून टाका, लाइट गेली तरी बहुतेक वेळा कॉल चालू राहतो.

केबलवाल्याची जमेची बाजू म्हणजे माणूस ओळखीचा असतो. जूनच्या पहिल्या वादळात झाडाची फांदी वायरवर पडली की त्याचा पोरगा तासाभरात शिडी घेऊन येतो, आणि मोठ्या कंपनीत तक्रार नंबर मिळतो, मेसेज येतो, माणूस परवा येतो. माझ्याकडे ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या बॉक्सवर, लाल दिवा लागला तेव्हा असाच पूर्ण दिवस गेला आणि ऑफिसला रजा टाकावी लागली, ज्याचं पोट नेटवर आहे त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. शेजाऱ्यांना विचारा की लाइन तुटल्यावर कोण किती वेळात येतं, स्पीडपेक्षा हे जास्त कामाचं.

बीएसएनएलचं फायबर पण मोजा, विशेषतः तालुक्याच्या गावी. तिथे लाइन सांभाळणारा स्थानिक पार्टनर असतो आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून, तो चांगला असेल तर 30 एमबीपीएसचा प्लॅन सुद्धा पुरतो.

वायरलेसवाले, म्हणजे 2023 पासून आलेले 5जी एअरफायबर, हे माझ्या यादीत शेवटी आहेत. जिथे फायबर पोचतच नाही तिथे नक्की घ्या. पण टॉवर सगळ्यांचा असतो, संध्याकाळी मोबाइलवाल्यांची गर्दी झाली की पिंग वरखाली होतो आणि अपलोड डाऊनलोडपेक्षा बरंच कमी असतं. डेटा पण बघा, फायबरच्या अनलिमिटेड प्लॅनला बहुतेक ठिकाणी 3300 जीबी असतात, एअरफायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये 1000. लिमिट संपल्यावर स्पीड कितीवर येतो तेही विचारा, कारण आपल्याकडे जानेवारी 2023 पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्याच 2 एमबीपीएस आहे आणि 2 वर व्हिडिओ मीटिंग नीट होत नाही. ब्रिटनमध्ये मे 2018 पासून जाहिरातीत तोच सरासरी स्पीड छापावा लागतो जो रात्री 8 ते 10 च्या गर्दीत निदान निम्म्या गिऱ्हाइकांना मिळतो, हा नियम आपल्याकडे यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

कंपनीला शिव्या द्यायच्या आधी घरातलं पण तपासा. 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर, त्यात मधे दोन भिंती, 100 चे 30-40 दिसणं अगदी नॉर्मल आहे, लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर टाका किंवा सरळ लॅन केबल लावा. 200 चा प्लॅन घेऊन पण 94-95 च्या वर जात नसेल तर राऊटरचा पोर्ट किंवा केबलच 100 वाली आहे. 100 च्या प्लॅनवर फाइल डाऊनलोड होताना 12 दिसतात ते मेगाबाइट आणि प्लॅनचे एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, त्यामुळे ते बरोबरच आहेत, 8 ने गुणा. ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन बंद करून टेस्ट घ्या, तो चालू असताना जो स्पीड दिसतो त्यात ऑफिसच्या सर्व्हरचा पण वाटा असतो. टेस्ट सकाळी 11 ला आणि रात्री 9 ला, दोन वेगळ्या साइटवर, आणि स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या, तिथे काही झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेव्हा हेच स्क्रीनशॉट लागतात.

पैशांचं म्हणाल तर 499 लिहिलेलं असेल तिथे 18 टक्के जीएसटी धरून 589 जातात. सहा महिने किंवा वर्षाचे एकदम भरले की महिना फुकट अशी ऑफर असते, ती लगेच घेऊ नका, पहिला महिना सुटा भरा, रात्री 9 चा अपलोड बघा, एकदा तक्रार करून कोण येतं ते बघा, आणि मगच वर्षाचे पैसे द्या.