मेव्हिस गॅलंटचं 'पॅरिस नोटबुक्स' : निदान मे 68 ची डायरी तरी वाचाच

पुस्तक सरसकट सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही, पण यातली पहिली शंभरेक पानं माझ्या मते गेल्या शतकातल्या उत्तम रोजनिशींपैकी एक आहेत आणि मराठीत या बाईंबद्दल फारसं कुणी बोलताना दिसत नाही म्हणून हा रिव्ह्यू.

आधी थोडी ओळख. मेव्हिस गॅलंट ही कथालेखिका मूळ कॅनडातल्या मॉन्ट्रियलची, जन्म 1922 चा. वडील लहानपणीच गेले, आईने चार वर्षांची असताना फ्रेंच बोलणाऱ्या नन्सच्या बोर्डिंगमध्ये टाकलं, पुढे शाळा बदलत बदलत सतरा शाळा झाल्या. मग मॉन्ट्रियलच्या 'स्टँडर्ड' पेपरात रिपोर्टरची नोकरी, आणि 1950 ला चांगली चाललेली नोकरी सोडून थेट युरोप, का तर फक्त कथा लिहून जगायचं. आणि जगली. 'न्यूयॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकात तिच्या शंभराहून जास्त कथा छापून आल्या, 2014 ला पॅरिसमध्येच गेली, माँपार्नासच्या दफनभूमीत आहे. फ्रेंच अस्खलित, पण लिहिलं आयुष्यभर इंग्रजीत, आणि कॅनडाचा पासपोर्टही शेवटपर्यंत सोडला नाही.

आता पुस्तक. 1986 ला आलेला हा निबंध आणि परीक्षणांचा संग्रह आहे, कथा नाहीत. सगळ्यात मोठा भाग म्हणजे मे 1968 ची डायरी, जी आधी त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्करमध्ये दोन भागांत आली होती. पॅरिसमधलं विद्यार्थ्यांचं आंदोलन, सॉर्बोन विद्यापीठावर ताबा, मग लाखो कामगारांचा संप, पेट्रोल नाही, टपाल नाही, कचरा उचलला जात नाही, हा सगळा इतिहास आपण कुठे ना कुठे वाचलेला असतो, पण तो नेत्यांच्या आणि घोषणांच्या बाजूने. ही बाई मात्र घरात राहून, फोनवर बोलून, रस्त्यावर पायी फिरून, मैत्रिणींचं ऐकून तो लिहिते. सुरुवातीच्याच एका नोंदीत एक मित्र ट्रॅफिकमध्ये अडकतो, पोरांनी रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या ढकलून आडव्या घातलेल्या असतात, आणि त्याची चिडचिड होते कारण त्याला गोंधळ मुळात आवडत नाही. त्याच दिवशी एक मैत्रीण सांगते की अश्रुधुराने घर भरलंय, पाचव्या मजल्यावर असून! ती मुलीला खिडकीजवळ फोनवर बोलूसुद्धा देत नाही, म्हणते पोलीस घरांत पण नळकांड्या फेकतात. गॅलंट हे सगळं लिहून घेते आणि लगेच खाली शंका टाकते की पाचव्या मजल्यापर्यंत फेकणं जमेल का त्यांना. मला हे फार म्हणजे फारच आवडलं. मैत्रिणीची भीती खरी आहे हे ती मानते, पण ऐकीव गोष्ट आणि बघितलेली गोष्ट यांची सरमिसळ होऊ देत नाही, पेपरात काम केलेल्या माणसाची शिस्त आहे ही आणि ती कथालेखक झाल्यावरही सुटलेली नाही.

आपल्याकडच्या प्रवासवर्णनांतलं पॅरिस म्हणजे आयफेल टॉवर, लूव्र, नदीकाठची कॉफी आणि मग थोडं घरच्या आठवणीने गलबलणं. इथे त्यातलं काहीच नाही. ती तिथे राहते, त्यामुळे भारावून जात नाही, आणि ती तिथली नाही, त्यामुळे कुठल्याही बाजूचा झेंडा घेत नाही. पोरांबद्दल तिला माया आहे, पोलिसांच्या मारहाणीचा संताप आहे, पण पोरांची भाषणं पोकळ वाटली की तेही लिहून मोकळी. गे-ल्युसाक रस्त्यावरच्या बॅरिकेड्सची ती रात्र, 10 मेची, तिने अर्धी रात्र बातम्या ऐकत काढली, आणि वाचताना आपणही कुठल्यातरी दंगलीच्या रात्री फोनकडे डोळे लावून बसलेलो असतो ते तसंच्या तसं आठवतं. मोठा निष्कर्ष काढायची घाई तिला कधीच नसते आणि म्हणूनच पन्नासहून जास्त वर्षांनी सुद्धा हे शिळं वाटत नाही.

दुसरा वाचायलाच हवा असा निबंध गाब्रिएल रुसिए प्रकरणावरचा. मार्सेयची शिक्षिका, सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याशी प्रेमसंबंध, मुलाचे आईवडील स्वतः डाव्या विचारांचे प्राध्यापक, त्यांनीच तक्रार केली, तिला तुरुंगात टाकलं, बारा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, ती कमी वाटली म्हणून सरकार पक्षाने अपील केलं, आणि 1 सप्टेंबर 1969 ला बत्तीस वर्षांच्या तिने जीव दिला. गॅलंट इथे प्रेमकथा रंगवत बसत नाही, फ्रान्समधला कायदा, कुटुंबाचा धाक, खटल्याआधीच माणसाला आत ठेवायची पद्धत, एकट्या बाईकडे समाज कसा बघतो, एकेक पदर उलगडत जाते. आज आपण शिक्षक आणि अल्पवयीन विद्यार्थी या नात्याकडे बरंच कडक बघतो आणि बघायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, तिचा कल रुसिएकडे जास्त झुकतो तिथे मी थांबून वाद घातला, पण न्याययंत्रणेबद्दलचं तिचं म्हणणं त्याने कमी होत नाही.

उरलेली पुस्तक परीक्षणं ठीक. लेखिका सिमोन द बोव्हुआर वगैरे मंडळींवर ती नेमकं लिहिते, पण मूळ पुस्तकं वाचलेली नसतील तर पानं उलटली जातात. हा भाग सलग वाचायच्या भानगडीत पडू नका.

त्रास एकच, डायरीत बहुतेक ओळखीची माणसं नुसत्या आद्याक्षरांनी येतात, कोण कुणाची मैत्रीण हे लक्षात राहत नाही, आणि फ्रेंच राजकारणाची माहिती तिने गृहीत धरली आहे. तेव्हाचे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल 29 मेला अचानक कुणालाही न सांगता जर्मनीत बाडेन-बाडेनला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर बोलले, त्या संध्याकाळी पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर त्यांच्या बाजूने प्रचंड मोर्चा निघाला, एवढं तरी आधी वाचून ठेवा म्हणजे शेवटच्या नोंदी जास्त भिडतील.

इंग्रजी अवघड नाही पण घट्ट आहे, एकही शब्द फुकट गेलेला नाही, त्यामुळे एका वेळी आठ-दहा दिवसांच्याच नोंदी घ्या. आणि शेजारी मोबाइलवर लेफ्ट बँकचा, म्हणजे पॅरिसमधल्या सेन नदीच्या डाव्या काठचा नकाशा उघडा ठेवा. सॉर्बोन, ओदेऑन नाट्यगृह, गे-ल्युसाक रस्ता सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे, तिचं घरही तिथेच, शहराच्या सहाव्या विभागात होतं, हे दिसलं की ती एवढं सगळं पायी कसं बघू शकली ते समजतं.