बांधकामाच्या वादासाठी अशाच वकील हव्यात

काम पूर्ण होऊन हँडओव्हर पण झालं होतं तरी समोरची पार्टी रिटेन्शनचे पैसे (कंत्राटदाराच्या बिलातून हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम) सोडेना, उलट उशीर झाला म्हणून आमच्यावरच दंड लावायला निघाली. मॅडमनी पहिल्या मीटिंगला कोर्टाचं नावच काढलं नाही, आधी करार, साइट डायरी, ड्रॉइंगच्या सगळ्या रिव्हिजन, ईमेल असं सगळं मागवलं आणि तारखेप्रमाणे लावून घेतलं, आणि त्यातच दिसलं की सुधारित ड्रॉइंग त्यांच्याकडूनच उशिरा आलं होतं आणि आमची नोटीस वेळेत गेली होती. हे फार महत्त्वाचं आहे बरं का, फिडिकच्या (इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुना) करारात क्लेमची नोटीस 28 दिवसांत द्यावी लागते, नाहीतर खरा क्लेम पण हातचा जातो. मॅडमना बार चार्ट (कामाच्या वेळापत्रकाचा तक्ता) वाचता येतो, क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रकल्पच लांबतो ती साखळी) कळतो, आमच्या इंजिनिअरलाच उलटसुलट प्रश्न विचारून घाम फोडला. आर्बिट्रेशनच्या (लवादाच्या) आधीच वाटाघाटीत मिटलं, रिटेन्शन पूर्ण मिळालं, जादा कामाच्या बिलात मात्र थोडं सोडावं लागलं. फी कमी नाहीये आणि फोन लगेच उचलत नाहीत, पण ज्युनिअर त्याच दिवशी कळवतो. करारावर सही करायच्या आधीच दाखवला तर अजून बरं, त्या तेही काम करतात.