ओल्ड ट्रॅफर्ड: आहे तेच वाढवावं की शेजारी नवं उभारावं?

मार्च २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमचं संकल्पचित्र जाहीर केलं. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या फर्मचा आराखडा, तीन मनोरे, त्यातला सर्वांत उंच २०० मीटरचा, आणि त्यांच्यावरून खाली उतरत आलेलं भलंमोठं छप्पर. काही जण चित्र पाहून भारावले, काहींनी सर्कशीचा तंबू म्हणून नाक मुरडलं. पण दिसण्याचा वाद दुय्यम आहे. पाठीराख्यांना आधी मत बनवायचं आहे ते या प्रश्नावर: सध्याचंच मैदान, म्हणजे ओल्ड ट्रॅफर्ड, वाढवावं, की त्याला लागून असलेल्या जागेत नवं बांधून जुन्याचा निरोप घ्यावा? क्लबचा कल नव्याकडे आहे. पाठीराख्यांमध्ये मात्र अजून दोन तट आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

माझं मत आधीच सांगतो. नवं बांधावं, पण दोन अटींवर. त्या अटी क्लबने मान्य केल्या नाहीत तर मी जुन्याच्या बाजूने उभा राहीन. असं का, ते एकेक मुद्दा घेऊन पाहू.

आकड्यांची बाजू

सध्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये सुमारे ७४,००० प्रेक्षक बसतात. माजी ऑलिम्पिक धावपटू सेबॅस्टियन को यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृती दलाने दोन पर्याय तपासले. सध्याचं मैदान वाढवलं तर सुमारे ८७,००० जागा, अंदाजे खर्च १५० कोटी पौंड. नवं बांधलं तर एक लाख जागा, खर्च २०० कोटी पौंड.

हे आकडे दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे वापरले जातात, म्हणून भागाकार आपणच करून पाहावा. वाढीव जागांवर खर्च वाटला तर जुन्याच्या विस्तारात प्रत्येक नवी खुर्ची सुमारे १,१५,००० पौंडांना पडते, नव्या स्टेडियमात सुमारे ७७,००० पौंडांना. इथे नवं स्वस्त दिसतं. पण विस्तारात जुन्या खुर्च्या, छप्पर, जिने, स्वच्छतागृहं हेही नव्याने होणार असतं. म्हणून एकूण जागांवर खर्च वाटा: विस्तारात दर जागेला सुमारे १७,००० पौंड, नव्यात २०,०००. आता जुनं स्वस्त ठरतं. माझ्या लेखी तिसरा हिशेब सर्वांत कामाचा. विस्ताराऐवजी नवं बांधायला ५० कोटी पौंड जास्त लागतात आणि त्यात १३,००० जागा जास्त मिळतात, म्हणजे जागेला ३८,००० पौंडांच्या आसपास. सीझन तिकिटासाठी (मोसमातल्या सगळ्या घरच्या सामन्यांचं तिकीट) वर्षानुवर्षं रांगेत असलेल्यांची संख्या पाहता हा सौदा वाईट नाही. अर्थात हे सगळे अंदाज आहेत, आणि स्टेडियमचे अंदाज सहसा वरच सरकतात.

दक्षिणेच्या स्टँडमागची रेल्वे

विस्तार इतका महाग का पडतो, याचं उत्तर दक्षिण बाजूला जाऊन उभं राहिलं की लगेच मिळतं. सर बॉबी चार्लटन स्टँडच्या पाठीला रेल्वेमार्ग अगदी चिकटून गेला आहे आणि त्याच्या पलीकडे वस्ती आहे. उत्तरेला सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन स्टँड तीन मजली वाढला, २००६ मध्ये उत्तरेकडचे दोन्ही कोपरे भरून निघाले, पण दक्षिणेचा स्टँड होता तसा बुटका राहिला. तिथे मागे सरकायला जागाच नाही. वाढवायचं म्हणजे रुळांच्या वरून बांधायचं. रेल्वे चालू, खाली गाड्या, वर पोलादी सांगाडा, आणि दर पंधरवड्याला सामना. अशा कामात दिवस आणि पैसा दोन्ही किती खाल्ले जातात, ते बांधकामाशी संबंध आलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

दुरुस्ती पुढे ढकलत राहणं हाही पर्याय उरलेला नाही. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धचा सामना संपता संपता जोरदार पाऊस आला आणि छपराच्या एका कोपऱ्यातून पाण्याचा लोट स्टँडमध्ये कोसळला. ते दृश्य जगभर फिरलं. युरो २०२८ या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी मँचेस्टरमधून निवड झाली ती शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या एतिहाद मैदानाची. इंग्लंडमधलं सर्वांत मोठं क्लब मैदान त्या यादीत नाही, याचं दुःख कुठल्याही युनायटेडवाल्याला विचारा.

काम चालू असताना खेळायचं कुठे?

माझ्या मते या तुलनेतला निर्णायक मुद्दा हा आहे, आणि चर्चेत तोच सर्वांत कमी येतो.

विस्तार एकेका स्टँडने करावा लागेल. जो स्टँड हाती घेतला तो बंद, म्हणजे वर्षानुवर्षं कमी प्रेक्षकांत सामने. कुणाचं सीझन तिकीट कुठे हलवायचं, कुणाला थांबायला सांगायचं, हा छळ वेगळाच. पूर्ण मैदानच बंद करायचं म्हटलं तर जायचं कुठे? टॉटनहॅमने व्हाइट हार्ट लेन २०१७ मध्ये पाडलं तेव्हा लंडनमध्ये वेम्बली होतं. नव्या स्टेडियमचं उद्घाटन लांबत एप्रिल २०१९ पर्यंत गेलं, पण तोवर डोक्यावर छप्पर तरी होतं. बार्सिलोनाला कॅम्प नोऊचं काम चालू असताना मोंजुइकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर राहावं लागलं. २०२४ च्या नोव्हेंबरात परतायचं ठरलं होतं, परतले २०२५ च्या नोव्हेंबरात. मँचेस्टरमध्ये युनायटेडला पुरेल असं दुसरं मैदान एकच, आणि ते सिटीचं. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यानंतर युनायटेड १९४९ पर्यंत सिटीच्या तेव्हाच्या मेन रोड मैदानावर खेळलं होतं, पण ती युद्धाची वेळ होती. आज ते कुणाला रुचणार नाही.

शेजारी नवं बांधलं तर हा प्रश्न जवळपास सुटतो. जुन्यात सामने चालू, बाजूला बांधकाम चालू, तयार झालं की उठून पलीकडे जायचं. बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबने थोड्या वेगळ्या रीतीने हेच केलं. नवं सान मामेस जुन्याला खेटून उभारलं, तीन बाजू तयार होताच २०१३ मध्ये तिथे खेळायला सुरुवात केली आणि जुनं पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर चौथी बाजू बांधली. संघाला गाव सोडावं लागलं नाही.

फॉस्टर यांच्या योजनेत आणखी एक जमेची बाजू आहे. १६० मोठे भाग कारखान्यात तयार करून मँचेस्टर शिप कॅनॉलमधून आणायचे आणि जागेवर जोडायचे, म्हणजे दहा वर्षांचं काम पाच वर्षांत होईल, असं ते सांगतात. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. शिवाय आराखड्यासाठी शेजारच्या मालवाहतुकीच्या रेल्वे टर्मिनलची जमीन लागते, आणि जमीन देणाऱ्याला आपली गरज माहीत असली की भाव कसा चढतो ते सर्वांना ठाऊक आहे.

जुन्याची ओढ

ओल्ड ट्रॅफर्ड पाडू नका म्हणणाऱ्यांना मी हळवे म्हणून बाजूला सारणार नाही. १९५८ मध्ये म्युनिकला संघाच्या विमानाला झालेल्या दुर्घटनेतल्या मृतांची स्मृती याच भिंतींवर आहे. सामन्याआधी बेस्ट, लॉ आणि चार्लटन या जुन्या दिग्गज खेळाडूंच्या पुतळ्याजवळ भेटायचं ठरवणाऱ्या पिढ्या इथेच वाढल्या.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९ फेब्रुवारी १९१० रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याने जे मैदान सुरू झालं, त्यातला जवळपास खेळाडूंचा एक जुना टनेलच उरला आहे. बाकीचं युद्धात गेलं आणि नंतर पुन्हा बांधलं गेलं. उभं राहून सामना बघायच्या ज्या स्ट्रेटफर्ड एंड स्टँडच्या आठवणी लोक काढतात, तोही १९९२ मध्ये पाडला गेला आणि त्या जागी खुर्च्यांचा स्टँड आला. म्हणजे प्रत्येक पिढीचं ओल्ड ट्रॅफर्ड वेगळं होतं आणि प्रत्येक पिढीने ते आपलं मानलं. नवं त्याच परिसरात, हाकेच्या अंतरावर होणार असेल, चालत जायचा रस्ता आणि आसपासचे पब तेच राहणार असतील, तर बरंच काही टिकतं.

वेस्ट हॅमशी तुलना करून भीती घालणाऱ्यांना म्हणूनच मी मान देत नाही. वेस्ट हॅमवाल्यांनी २०१६ मध्ये आपलं अप्टन पार्क मैदान सोडलं आणि ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियममध्ये भाड्याने गेले. मुळात अ‍ॅथलेटिक्सचं ते मैदान. प्रेक्षक खेळापासून लांब बसतात आणि ते अंतर कानालाही जाणवतं. २०१८ मध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्यात चिडलेले पाठीराखे मैदानात उतरले होते. तिथली चूक जागा बदलण्यापुरती नव्हती. फुटबॉलसाठी न बांधलेलं घर पत्करण्याची होती. उलट टॉटनहॅमने दक्षिणेला १७,५०० जागांचा एकसंध, सलग चढत जाणारा स्टँड बांधला आणि आवाज मैदानावर आदळेल याची काळजी घेतली. युनायटेडच्या चित्रात मनोरे ठळक दिसतात. मला त्याआधी स्ट्रेटफर्ड एंडचा छेद पाहायचा आहे: पहिली रांग गोलपोस्टपासून किती लांब, चढ किती उभा, मध्ये कॉर्पोरेट बॉक्सचा पट्टा आहे की नाही.

एव्हर्टनचा मार्गही आठवावा. १८९२ पासूनचं गुडिसन पार्क सोडून २०२५ मध्ये ते नदीकाठच्या गोदीतल्या ५२,००० हून अधिक जागांच्या स्टेडियममध्ये गेले, पण गुडिसन पाडलं नाही, महिला संघाला दिलं. युनायटेडने निदान जुन्या टनेलचं आणि म्युनिक स्मारकाचं काय होणार, एवढं तरी आधी स्पष्ट सांगावं.

विस्ताराच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा

तो लिव्हरपूलचा. कित्येक वर्षं ते शेजारच्या स्टॅनली पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायच्या घोषणा करत राहिले, मालक बदलले, पैसा जमला नाही. शेवटी २०१२ मध्ये सध्याच्या मालकांनी आपलं जुनं मैदान अ‍ॅनफिल्डच वाढवायचं ठरवलं. २०१६ मध्ये मेन स्टँडमध्ये साडेआठ हजार जागा वाढल्या, मग अ‍ॅनफिल्ड रोड स्टँडमध्ये सुमारे सात हजार. आता ६१,००० प्रेक्षक बसतात आणि दोन्ही कामांचा खर्च मिळून २० कोटी पौंडांच्या आत-बाहेर. पाठीराख्यांचा लाडका कॉप स्टँड तिथेच, आवाज तोच, क्लब कर्जात बुडाला नाही.

याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. मेन स्टँड मागे सरकावा म्हणून लोथेर रोडवरची घरं गेली, आणि त्याआधी वर्षानुवर्षं त्या गल्ल्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या अवस्थेत पडून होत्या. रहिवाशांचा तो राग रास्त होता. शिवाय अ‍ॅनफिल्डला मागे सरकता आलं. ओल्ड ट्रॅफर्डच्या दक्षिणेला रूळ आहेत.

पैसा, आणि माझ्या अटी

मार्च २०२५ मध्ये चित्रं दाखवली, पण २०० कोटी पौंड कुठून येणार ते सांगितलं नाही. हे मला सर्वांत जास्त खटकतं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब विकत घेतला आणि त्या खरेदीचं कर्ज क्लबवरच लादलं आणि तेव्हापासून त्याचं व्याज क्लब भरतो आहे. त्यावर आणखी कर्ज म्हणजे काय होतं ते आर्सेनलने दाखवलं. २००६ मध्ये ३९ कोटी पौंडांचं नवं एमिरेट्स स्टेडियम उभं राहिलं, जुन्या हायबरीतल्या ३८,००० ऐवजी ६०,००० लोक येऊ लागले. त्यानंतरच्या काळात संघातले मोठे खेळाडू निघून गेले: फॅब्रेगास गेला, नासरी गेला, व्हॅन पर्सी तर युनायटेडकडेच आला, आणि २००५ नंतरचा पहिला करंडक उजाडायला २०१४ यावं लागलं. प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांत स्टेडियमचा बांधकाम खर्च वगळला जात आला आहे हे खरं. पण हप्ता शेवटी क्लबच्याच तिजोरीतून जातो.

योजनेसोबत सांगितले गेलेले, अर्थव्यवस्थेत ७३० कोटी पौंडांची वार्षिक भर, ९२,००० रोजगार, १७,००० घरं हे आकडे मी या निर्णयातून बाजूला ठेवीन. ते पूर्ण परिसराच्या पुनर्विकासाचे आहेत, एकट्या स्टेडियमचे नाहीत.

पहिली अट कर्जाची. स्टेडियमसाठी घेतलेलं कर्ज जुन्या कर्जापासून वेगळं असावं, आणि मालकांनी स्वतःचं भांडवल किती घालणार ते काम सुरू व्हायच्या आधी आकड्यात सांगावं.

दुसरी अट तिकिटांची. २०२४-२५ च्या मोसमात मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला गेला, मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत नाही. ज्या क्लबने ७४,००० जागांवर हे केलं, तो एक लाख जागांवर काय करील? म्हणून वाढणाऱ्या २६,००० जागांपैकी किती जागा सवलतीच्या, किती स्थानिक तरुणांसाठी, आणि किती वर्षं दर बांधलेला, हे लेखी हवं. सल्लामसलतीत बोलायची संधी मिळाली तर छपरावर वेळ घालवू नका, हे दोन कागद मागा.

कागद मिळाले तर नव्याला निःशंक हो म्हणा. टाळाटाळ झाली तर मात्र ८७,००० जागांचा विस्तार, तोही टप्प्याटप्प्याने, पहिल्या टप्प्यात गळकं छप्पर आणि रेल्वेकडचा दक्षिण स्टँड.