करप्यावर ट्रायसायक्लाझोल : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

भातावरील करपा या बुरशीजन्य रोगासाठी ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के ही पाण्यात मिसळणारी भुकटी मी या हंगामात तीन वेळा फवारली. पहिल्या फवारणीनंतर आठवडाभरातच हे औषध बनावट असावे, असे माझे मत झाले होते. कापणी उरकल्यावर ते मत मला मागे घ्यावे लागत आहे. तक्रारी मात्र काही शिल्लक आहेत.

लावणीनंतर साधारण पंचविसाव्या दिवशी पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे ठिपके दिसले. दहा लिटर पाण्याला सहा ग्रॅम या प्रमाणात त्याच संध्याकाळी फवारणी केली. पाचव्या दिवशी पाहतो तर जुने ठिपके जसेच्या तसे होते आणि भरीला काही नवेही उमटले होते. विक्रेत्याकडे तक्रार करून मी मोकळा झालो. सुदैवाने फवारणीच्या दिवशी दहा चुडांतील (रोपांच्या झुपक्यांतील) सर्वांत वरच्या पानांना लाल दोरा बांधून ठेवला होता, म्हणून पंधरवड्याने नीट तुलना करता आली. दोऱ्याखालची पाने करपलेली होती, तर दोऱ्याच्या वर नंतर निघालेली पाने जवळजवळ स्वच्छ होती.

याचे कारण औषधाच्या कामाच्या पद्धतीत आहे. करप्याच्या बुरशीचा बीजाणू ओल्या पानावर रुजतो, घुमटासारखा एक फुगीर अवयव तयार करतो आणि त्याच्या भिंतीत मेलॅनिन या काळपट द्रव्याचा थर साठवतो. त्या थरामुळे आत सुमारे ऐंशी वातावरणांइतका दाब निर्माण होतो आणि त्या जोरावर बुरशी पानाची कातडी भेदून आत शिरते. ट्रायसायक्लाझोल मेलॅनिन तयार होऊ देत नाही. बुरशी मरत नाही, पण तिला आत शिरता येत नाही. जी आधीच शिरलेली आहे, तिच्यावर याचा फारसा उपयोग नाही. शिवाय लागण झाल्यापासून ठिपका दिसेपर्यंत काही दिवस जातातच, त्यामुळे पाचव्या दिवशी दिसलेले नवे ठिपके हे फवारणीपूर्वीच्या लागणीचे होते. औषध कामाला लागले होते. माझी मोजपट्टी चुकीची होती. ही साधी बाब पाकिटावर दोन ओळींत छापता आली असती, तेथे नुसते ‘करप्यावर प्रभावी’ एवढेच लिहिलेले आहे.

भुकटीविषयीची तक्रार वेगळी आहे. ती थेट पंपात टाकल्यास गुठळ्या होतात आणि तळाशी साका बसतो, म्हणून आधी थोड्या पाण्यात कालवून मग टाकीत ओतावी लागते आणि पंप अधूनमधून हलवावा लागतो. सोबत दिलेल्या प्लॅस्टिकच्या मापावर विसंबू नये. वजनकाट्यावर ते चुकीचे निघाले. भाताच्या पानावर थेंब टिकत नाहीत, मोत्यासारखे घरंगळून जातात, त्यामुळे दुसऱ्या फवारणीपासून चिकटद्रव्य मिसळू लागलो आणि फरक लगेच जाणवला.

माझी दोन खाचरे शेजारी असूनही रोगाचे प्रमाण सारखे नव्हते. एका खाचरावर सकाळी उशिरापर्यंत झाडांची सावली असते आणि दव रेंगाळते. दहा-बारा तास ओले राहिलेले पान आणि पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपासचे तापमान या बुरशीला फारच मानवते. त्यात याच खाचरात मी युरियाचा हप्ता एकदम आणि जास्त दिला होता. पीक हिरवेगार, लुसलुशीत दिसत होते, आणि करपाही तेथेच माजला. दुसऱ्या खाचरात तोच युरिया तीन हप्त्यांत विभागून दिला होता. औषध दोन्हीकडे एकच होते, तेव्हा सावलीच्या खाचरातील नुकसानीचे खापर त्याच्या माथी मारता येत नाही.

खरी किंमत कळली ती लोंब्या निसवताना. दुसरी फवारणी पीक पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असताना झाली होती. तिसरी लोंब्या नुकत्याच डोकावू लागल्यावर सुरू केली, पण एक खाचर अर्धे होते न होते तोच पाऊस आला आणि पुढे चार दिवस उघडीप मिळाली नाही. राहिलेल्या अर्ध्या भागात मानेचा (लोंबीच्या देठाचा) करपा असा आला की मोजण्याची गरजच उरली नाही. बांधावरूनच पांढऱ्या, ताठ उभ्या लोंब्यांचा पट्टा दिसत होता. खोडकिडीमुळेही लोंब्या पांढऱ्या पडतात, म्हणून खात्री करून घेतली. खोडकिडीची लोंबी ओढली की अलगद निघून हातात येते. या लोंब्या निघत नव्हत्या आणि मानेच्या पेराभोवती काळपट तपकिरी कडे होते, तेथे बोटाने वाकवताच मान मोडत होती. दाणे दाबून पाहिले तर पोचट. फवारलेल्या भागात असे चूड शोधावे लागत होते.

तरीही हे औषध सर्व डागांवर चालत नाही, हे लक्षात ठेवावे. तिळासारखे गोल-लांबट आणि पानभर विखुरलेले तपकिरी ठिपके हा वेगळा रोग आहे आणि तो बहुधा कुपोषित जमिनीत वाढतो. नावात करपा असला तरी कडा करपा जीवाणूंमुळे होतो. त्यावर ही भुकटी फवारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. अवशेषांचा प्रश्नही आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तांदळातील या औषधाच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली, त्यामुळे निर्यातीसाठी पिकवणाऱ्यांनी याचा विचार अगदी सुरुवातीलाच करावा आणि इतरांनीही लेबलवरील प्रतीक्षाकाळ (शेवटची फवारणी आणि कापणी यांतील दिवस) पाळावा.

पुढील हंगामात पहिली फवारणी ठिपक्यांची वाट न पाहता दव आणि ढगाळ हवामान पाहून करणार आहे. एकच औषध सलग न वापरता मधल्या फवारणीला आयसोप्रोथिओलेन हे दुसरे बुरशीनाशक घेण्याचा विचार आहे. बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे दाणे काढून टाकेन आणि ते स्वच्छ धुऊन बीजप्रक्रियेनंतरच पेरेन. सावलीच्या खाचरातील रोगट पेंढा आणि धसकटे मळणीनंतर लगेच बाहेर काढली आहेत, आणि त्या झाडांच्या खालच्या फांद्याही छाटून झाल्या आहेत.