हीट पंप: दोन हिवाळ्यांनंतर

जानेवारीत सासूबाई नाशिकहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला आल्या. कोट काढला आणि आधी रेडिएटरला, म्हणजे आत गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याला, हात लावला. "अगं, हा तर कोमटच आहे. बिघडलाय का?" मी भिंतीवरचा आकडा दाखवला, 20.5. बाहेर होतं 1 अंश. त्यांना काही पटलं नाही. दोन दिवस शाल गुंडाळून बसल्या, तिसऱ्या दिवशी शाल खुर्चीवरच राहिली.

जुना गॅस बॉयलर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास 70 अंशांचं पाणी सोडायचा, बंब पेटवल्यासारखं. मग घर पुन्हा गार. त्याच्या जागी बसवलेला हीट पंप 35-40 अंशांचं पाणी दिवसभर फिरवत ठेवतो, दूध मंद आचेवर आटवावं तसं. तो उष्णता बाहेरच्या हवेतून ओढतो, त्यामुळे पाणी जितकं कमी तापवावं तितकी वीज कमी लागते.

आता मला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला ती गोष्ट. बसवणाऱ्यांनी (नाव घेत नाही) पाण्याचं तापमान सरसकट 55 वर ठेवलं आणि निघून गेले. पहिल्या महिन्याचं बिल बघून माझे डोळे पांढरे झाले. इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे. बॉयलरमध्ये थोडा गॅस वाया जातो हे धरून, एका युनिट विजेतून साडेतीन युनिट उष्णता मिळाली तर गॅसशी जेमतेम बरोबरी. आम्हाला मिळत होती 2.7. फोन केला की "हिवाळ्यात असंच असतं" हे एकच उत्तर. शेवटी मीच पुस्तिका उघडून बसले. 'वेदर कॉम्पेन्सेशन' म्हणून एक सोय यंत्रातच असते, बाहेरच्या थंडीप्रमाणे पाण्याचं तापमान आपोआप वरखाली करणारी. ती बंद होती! चालू केली, रोज थोडं थोडं कमी करत आणलं. आता बाहेर 7 अंश असताना पाणी 35 वर, उणे 2 असताना 42 वर. गेल्या हिवाळ्याची सरासरी 3.8.

कोमट पाण्याला रेडिएटर मात्र मोठे लागतात. आमचं घर 1970 च्या दशकातलं, नऊपैकी सहा बदलले. एकूण खर्च 12,800 पौंड. त्यातले 7,500 सरकारी अनुदान, ते बसवणाऱ्यांच्या बिलातूनच वजा झालं. गरम पाण्याच्या 200 लिटरच्या टाकीने कपाट गिळलं, कुरडया-पापडांचे डबे आता पलंगाखाली.

स्वयंपाकघरात फरशीखाली नळ्या आहेत, तिथे मला खरं सुख आहे. इडलीचं पीठ जमिनीवर ठेवलं की सकाळी पातेल्याबाहेर! लग्नानंतरच्या अकरा इंग्लिश हिवाळ्यांत हे पहिल्यांदा घडलं. गॅसचं कनेक्शनच काढून टाकलं, म्हणजे रोजचा सुमारे 30 पेन्सचा स्थिर आकार वाचला. पण भाकरी आता विस्तवावर फुगत नाही, इंडक्शनच्या तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी लागते. सासूबाईंनी ती खाल्ली, बोलल्या काही नाहीत.

दमट थंडीत बाहेरच्या यंत्रावर बर्फ धरतो, मग ते स्वतःच तो वितळवतं आणि वाफेचा ढग उठतो. पहिल्यांदा शेजारचे आजोबा आग लागली म्हणून धावत आले होते. आवाज फ्रीजपेक्षा थोडा जास्त, झोपमोड होत नाही.

घाई असलेल्यांनी मात्र विचार करावा. सुट्टीहून परतल्यावर 14 अंशांचं घर 20 वर यायला आम्हाला जवळजवळ दिवस लागला. रेडिएटरवर टाकलेले मोजेही सकाळपर्यंत दमटच असतात.

यंत्राला पाचपैकी साडेचार, बसवणाऱ्यांना दीड. यंदाची सर्व्हिसिंग दुसऱ्याला दिली आहे. त्याने येताच आकडे बघितले आणि विचारलं, "हे कोणी लावलं?"