अपेंडिक्स की उजवी कंबर? रोज पिस्तूल बाळगायचं तर होल्स्टर, पट्टा आणि बाकीचं

टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला हँडगन बाळगायला लायसन्स लागत नाही. तरी ते काढलेलं बरं, कारण इतर अनेक राज्यांत ते चालतं. एच-वन-बी व्हिसावर असाल तर मात्र पुढचं वाचण्याआधी वकिलाला विचारा. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले, तर फेडरल कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक जवळ ठेवूच देत नाही. ग्रीनकार्ड असेल तर ती अडचण नाही.

कुठलं पिस्तूल घ्यायचं यावर आपली मंडळी महिनोन्महिने डोकं खपवतात आणि मग ते ऑफिसच्या पट्ट्याला लटकवतात. गोळ्या भरलेलं ग्लॉक १९ पिस्तूल साधारण साडेआठशे ग्रॅमचं असतं. साधा पट्टा त्या वजनाने पिळतो, मूठ शरीरापासून सुटून बाहेर झुकते आणि दिवसभर पँट एका बाजूने ओढावी लागते. म्हणून आधी पट्टा घ्या. त्यात दोन पर्याय आहेत. एक म्हणजे दुपदरी जाड चामड्याचा. तो दिसायला उत्तम, पण त्याची भोकं इंच-इंच अंतरावर, म्हणजे जेवणाआधी सैल आणि जेवणानंतर घट्ट. दुसरा रॅचेटचा, म्हणजे आतल्या दात्यांवर खटक्याने अडकणारा. त्याला भोकं नसतात, पाव-पाव इंचाने सरकतो आणि गाडीत बसताना एक खटका सैल करता येतो. माझं मत रॅचेटला. पँटही कमरेला एक-दोन इंच मोठी घ्या, नाहीतर कुठलंच होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, सुखाचं वाटणार नाही.

आता मुख्य प्रश्न जागेचा. पँटच्या बाहेर लावलेलं होल्स्टर सगळ्यात आरामाचं, पण ते झाकायला जॅकेट लागतं, आणि ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये जॅकेट घातलेला माणूस तसाच सगळ्यांच्या नजरेत भरतो. तेव्हा खरी निवड पँटच्या आत, दोनच जागांमधली: उजवी कंबर की अपेंडिक्स.

बेंबीला घड्याळाचे बारा वाजले असं धरलं तर उजवी कंबर म्हणजे साडेतीन-चार. पोट सुटलेल्यांना ही जागा सोयीची आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनाही चालते. दोष दोन. खाली वाकलात की मूठ शर्टातून वर येते, ज्याला इथे ‘प्रिंट होणं’ म्हणतात. दुसरं म्हणजे, अमेरिकेतल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटबेल्टचं बक्कल नेमकं उजव्या कमरेशी असतं. बेल्ट लावताना-सोडताना शर्ट अडकतो आणि पिस्तूल उघडं पडतं. होल्स्टर थोडं पुढे कललेलं ठेवलं की प्रिंट होणं बरंच कमी होतं, बक्कलचा त्रास मात्र तसाच राहतो.

अपेंडिक्स म्हणजे एक वाजता, पोटाच्या पुढच्या उजव्या बाजूला. साध्या टी-शर्टखाली इतकं छान दुसरं काही लपत नाही. पण होल्स्टर नुसतं खोचून भागत नाही. त्याला ‘क्लॉ’ हवा, म्हणजे पट्ट्याच्या दाबाने मूठ आत वळवणारा पंजा. नळीच्या बाजूला ‘वेज’ हवं, म्हणजे फोमची पाचर. ती खालचं टोक शरीरापासून दूर ढकलते आणि वरची बाजू पोटाशी टेकवते. या पाचरेने बसणं जितकं सुसह्य होतं, तितकं पिस्तूल बदलूनही होत नाही. धोका उघड आहे: नळीचा रोख मांडीकडे आणि त्याहून नाजूक जागेकडे असतो. म्हणून पिस्तूल परत ठेवताना शर्ट पूर्ण वर, कंबर पुढे, नजर होल्स्टरवर आणि हात सावकाश. त्याहून बरं म्हणजे पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये घालावं आणि मग दोन्ही मिळून पँटमध्ये खोचावं. एवढी शिस्त जमणार नसेल तर उजवी कंबर पत्करावी.

होल्स्टर कायडेक्सचंच, म्हणजे साच्यात घडवलेल्या कडक प्लॅस्टिकचंच घ्या. चामडं अंगाला मऊ लागतं हे खरं, पण घामाने भिजतं, आणि जुनं झालं की त्याच्या तोंडाची घडी ट्रिगरगार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, शिरू शकते. पिस्तूल आत ढकलताना अशा घडीने गोळी सुटल्याचे प्रकार घडलेले आहेत. कायडेक्सचं तोंड उघडंच राहतं, ट्रिगर पूर्ण झाकला जातो आणि नळाखाली धरलं की ते स्वच्छ. फक्त ते नेमक्या तुमच्याच मॉडेलचं हवं. ‘सगळ्यांना बसणारं’ नायलॉनचं होल्स्टर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पिस्तुलाबद्दल एवढंच: प्रिंट होते ती मूठ, नळी नव्हे. २०१८ मध्ये आलेल्या सिग पी-३६५ या पिस्तुलात दहा गोळ्या मावतात आणि ते ग्लॉक १९ पेक्षा बारीक आहे. बारीक अंगाच्या माणसाला हा फरक कळतो. इतरांनी आधी पट्टा आणि पाचर लावून पाहावी.

कुर्ता-पायजम्याची गोष्ट निराळी. कुर्त्याखाली काहीही लपतं, पण नाडीला होल्स्टर अडकत नाही. मग पोटाला गुंडाळायचा बेलीबँड उरतो. त्यातही ट्रिगरवर कायडेक्सचं कवच असलेलाच घ्या. नुसत्या इलॅस्टिकचा नको. तसंही मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या हॉलमध्ये असेल तर तिथे पिस्तूल नेता येत नाही, ते गाडीत साखळीने बांधलेल्या पेटीत कुलूपबंद राहणार. अशा वेळी क्लिपवालं होल्स्टर पिस्तुलासकट निघतं. पट्टा ओवून घालायचं होल्स्टर असेल तर पार्किंगमध्ये भरलेलं पिस्तूल हाताळत बसावं लागतं.

पर्समध्ये ठेवण्याचा पर्याय लहान मुलं असलेल्या घरात मी मोजतच नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि सुटलेल्या गोळीने ती गेली. ती पर्स खास पिस्तुलासाठीच बनवलेली होती.

परत करता येईल असं होल्स्टर मागवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर (नळीमागची गोळीची जागा) दोनदा तपासून, रिकाम्या पिस्तुलासह आठवडाभर घरात वावरा: जेवायला बसा, बुटाची नाडी बांधा, गॅरेजमधल्या गाडीत सीटबेल्ट लावून पाहा. टोचणारी जागा पहिल्या दोन दिवसांतच कळते.