वाकडचा डिटेलिंगवाला: कार्बन फायबरवरचे पाण्याचे डाग गेले
आमच्या सोसायटीत गाडी धुवायला बोअरचंच, क्षारांचं पाणी. कार्बन फायबरच्या मिरर कव्हरवर आणि स्पॉयलरवर पांढरे गोल ठिपके पडलेले. काळ्या विणीवर ते लांबूनही डोळ्यात भरायचे. वाकडच्या एका डिटेलिंगवाल्याकडे (गाडीची बारकाईने साफसफाई-पॉलिश करणारा) गाडी दिली. पोराने अजिबात घाई केली नाही. आधी शाम्पू, मग सावलीत, पार्ट गार झाल्यावर, पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून मायक्रोफायबरने मिनिटभर दाबून धरलं. कॅल्शियमचा थर सुटला, लगेच धुऊन काढलं. स्पॉयलरवरचे काही ठिपके मात्र क्लिअर कोटमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, खोल गेलेले. तिथे बारीक पॉलिश हातानेच मारलं. मशीन का नाही विचारलं, तर म्हणाला, "दादा, कडेला कोट पातळ असतो, खाली थेट रेझिन." रेझिन म्हणजे कार्बनचे धागे धरून ठेवणारं प्लास्टिक. पटलं.

शेवटी सिरॅमिक कोटिंग (वरून बसणारा कडक संरक्षक थर) गळ्यात मारायचा प्रयत्न झालाच. पण कोटिंगवरही थेंब उन्हात वाळले की डाग पडणारच. मी साधं सीलंट, म्हणजे वरून पुसून लावायचं संरक्षक लेपण, घेतलं. आता धुतल्यावर शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा, मग ब्लोअर. बिल जरा चढं, काम चोख. बसायला जागा नाही; चहा समोरच्या टपरीवर घ्या.